अनवाणी का होता?

रघुनाथ चव्हाण याच्यावर अन्याय झाला. आमच्या लष्कर शहरातल्या शिंदे की छावनी या वस्तीत राहणारा, बावीस वर्षांचा, कॉलेजातल्या नवनृत्याच्या वर्गाचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. कधी झाला तेही सांगतो, नाहीतर लोक त्याला नशीब म्हणून मोकळे होतात. दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी. मध्य भारताचं राज्य मोडून ते नव्या मध्य प्रदेशात विलीन व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि भोपाळला जाणाऱ्या सरकारी दप्तराची पहिली लाकडी पेटी कॉलेजच्या नृत्यदालनात आणून टाकली गेली. रघू गेला मार्गशीर्षात. पण त्याचा निकाल लागला तो त्या सोमवारी.

बातमी मला इंदरगंजच्या चौकात मिळाली. छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघालो होतो. समोरून रघूचा मामा सायकल हातात धरून चालत येत होता. "संपलं रे," एवढंच म्हणाला, आणि सायकल धरून तसाच उभा राहिला... माझ्या हातातली पत्रकं राजधानी भोपाळला गेल्याच्या निषेधाची होती. ती मी संध्याकाळपर्यंत वाटली. लोकांनी घेतलीही. राजधानी गेल्याचं दुःख लष्करात सगळ्यांनाच आहे.

मी नाचातला माणूस नाही. नृत्य म्हणजे घुंगरू आणि तबला, एवढीच माझी समज. या वर्गात दोन्ही नव्हतं. वर्ग निघाला तो नव्या सरकारच्या उत्साहाच्या दिवसांत. शिकवायला सरलाबाई, शिकायला चौघं. बाई म्हणायच्या, देवादिकांच्या गोष्टी खूप नाचून झाल्या, आता आपलं गाव कसं चालतं ते बघा आणि अंगात आणा. रघू मग टोपी बाजारात जाऊन बसायचा. ठोक दुकानदार कापडाचा तागा एका झटक्यात कसा उलगडतो, हमालाची मान ओझं उतरल्यावरही कशी वाकडीच राहते, भाव ऐकून गिऱ्हाईक अर्धं पाऊल कसं मागे सरकतं... हे सगळं तो घरी परतताना भर रस्त्यात करून दाखवायचा आणि लोक थांबून बघायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "हमालावर नाच केल्यानं हमालाची मजुरी वाढते का रे?" तर हा म्हणतो, "आणि तुझ्या पत्रकांनी वाढली का भाई? वाढली असेल तर सांग, मी आजच बंद करतो."  

त्याचे वडील, नाना, रियासतीच्या फौजेत कवायतीचे हवालदार होते. काय आवाज होता! परेडच्या मैदानावर हुकूम सोडला की छावणीतल्या बायका चुलीपुढे दचकायच्या म्हणे. पुढे रियासतीच्या विलीनीकरणात फौज मोडली आणि नाना एका गोदामावर पहारेकरी म्हणून बसले. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की सांगायचे, "कॉलेजात आहे." कॉलेजात काय, म्हटलं तर, "शेवटच्या वर्षाला आहे." नाच हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. गल्लीतले लोक मुद्दाम छेडायचे, "हवलदार साब, लड़का घुँघरू कब बाँधेगा?" रघू मध्येच हसून म्हणायचा, "चाचा, आमच्यात घुंगरू नसतात. म्हणून तर नानांना झोप लागते." नाना हसायचे नाहीत. पाठ फिरवून बिडी पेटवायचे.

मग राज्यांची पुनर्रचना आली. वर्ग बंद होणार असा हुकूम आला. शेवटच्या वर्षाची परीक्षा तेवढी हिवाळ्यात घेऊ म्हणाले. सरलाबाईंची बदली भोपाळला झाली. तिथे नृत्याचा वर्गच नाही, म्हणून त्यांना मुलींच्या शाळा तपासायला लावलं. उरलेले तिघे एकेक करून गळाले. रघू म्हणाला, "परीक्षा देऊनच मरेन." ...लोक असं बोलतातच.

दालन मात्र आता दालन राहिलं नव्हतं. कुठलं खातं भोपाळला, कुठलं इंदूरला आणि कुठलं इथंच, याचा घोळ संपेना, आणि तोवर पेट्या ठेवायच्या कुठे? जिथे काही काम चालत नाही तिथे! दिवसभर तिथे सुतार फळ्या ठोकत, दप्तरं पेट्यांत बंद होत आणि संध्याकाळी रघू पेट्यांमधल्या मोकळ्या जागेत टोपी बाजार नाचे. त्या नाचात जमिनीवर पडणं होतं, घसरणं होतं, त्याला पायाखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशीच लागते. आम्ही दोघे कॉलेजच्या कचेरीतल्या बडे बाबूंकडे गेलो. ते चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "नाचने को पूरा मैदान पड़ा है भैया। फाइल तो मैदान में नहीं रख सकते।" बाहेर आल्यावर रघूनं त्यांचं ते बशी फुंकणं असं हुबेहूब केलं की मी रागावलेला असूनही हसलो. रोज तो आधी केर काढायचा, मग सरावाला उभा राहायचा. केरात वाकडे खिळे निघायचे. "बघ, सरकारनं पेरलेत," म्हणून दाखवायचा.

एक खिळा केरसुणीला सापडला नाही. टाचेत गेला. त्यानं तो उपटला, घरी जाऊन हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दालनात. आठवड्याभरात जेवताना भाकरी चावेना. जबडा उघडेना म्हणून आईशी थट्टा करत होता, तेही दात न उघडता... धनुर्वात. ज्याचं सगळं शिक्षण अंग सैल कसं सोडावं याचं, त्याचं अंग लाकूड झालं. याहून जास्त मी लिहिणार नाही.

इस्पितळात खोली अंधारी केलेली. डॉक्टर म्हणाले, आवाज झाला की आचके येतात. मी दुपारी गेलो तेव्हा नाना आत नव्हते. बाहेर रस्त्याच्या मधोमध उभे होते. येणाऱ्या प्रत्येक टांग्यापुढे हात जोडत होते आणि पुटपुटत होते, "घंटी मत बजाओ भाई, घंटी मत बजाओ..." टांगेवाल्यांना ऐकूच येत नव्हतं. ते कान पुढे करून विचारत, "क्या बोले?" आणि नाना आणखी हळू बोलत.

तेरावं झाल्यावर मी नानांना घेऊन कॉलेजात गेलो. म्हटलं, निदान चूक झाली एवढं तरी म्हणतील. प्राचार्य साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, वाईट वाटलं म्हणाले. मग विचारलं, "पण तो अनवाणी का होता? कामाच्या जागी माणसानं पायात काही घालायला नको?" मी उसळलोच. नानांनी माझा हात दाबून मला खाली बसवलं आणि म्हणाले, "साहेब, तो नाचत होता."

साहेबांनी मान हलवली. पुढे काही झालं नाही. होणारही नाही. वर्ग पुन्हा सुरू व्हायचा नाही, बाई परत यायच्या नाहीत, टोपी बाजाराचा तो नाच आता कोणाच्याच अंगात नाही. मी पाहिलाय, पण मला येत नाही. सांगून तो कळत नाही, हे एवढं लिहिल्यावर माझं मलाच कळलं. पेट्या मात्र आहेत. परवा खिडकीतून पाहिलं, तशाच आहेत. कोणाला त्यांची गरज पडलेली नाही.

वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्या लष्करातल्या मराठी घरांत कोणी ना कोणी सरकारी दप्तरात नोकरीला आहेच. प्रत्येक पेटीवर खात्याचं नाव रंगवलेलं आहे, म्हणजे कुठली पेटी कोणाची हे तुम्हांला विचारावं लागणार नाही. येत्या रविवारी सकाळी या. आपापली पेटी उचला. खाली पडलेले खिळे वेचा. आणि सगळे वेचले असं वाटलं की चपला दाराशी काढा, आणि त्या तक्तपोशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकदा चालून दाखवा.