गाऱ्हाण्याचा रीटेक

दर शिमग्याला आमच्या अंगणात माझ्या नावाने देवाची मनधरणी चालते. पालखी येते, पाटावर विसावते, आई ओटी भरते, नारळ ठेवते आणि गुरवकाका हात जोडून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्या आवाजात केलेलं बोलणं. काका एकेक मागणं मागतात आणि जमलेली वाडी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणून दुजोरा देते. कलमांवर आंबा टिकू दे, व्हय म्हाराजा. चाकरमान्यांच्या नोकऱ्या राहू देत, व्हय म्हाराजा. मग माझी पाळी येते. “ह्या घरातल्या लेकीला बरी कर रे म्हाराजा!” आणि अख्खी वाडी माझ्याकडे बघून ओरडते, ‘व्हय म्हाराजा!’

मी ओरडत नाही. आंब्याला ओरडते, चाकरमान्यांना ओरडते, शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांनाही ओरडते. माझ्या ओळीला माझं तोंड बंद. मी आजारी नाही. मला ऑटिझम आहे, म्हणजे मी जन्मापासून अशीच आहे, आणि पस्तिशी उलटल्यावर ‘बरी’ होऊन मी नक्की कोण होणार ते देवाला तरी ठाऊक आहे का कोण जाणे. ही ओळ गाऱ्हाण्यातून जावी, एवढीच माझी कित्येक वर्षांची इच्छा. पण ती बोलून दाखवायला मला वेळ लागतो, आणि तोवर पालखी पुढच्या घरी गेलेली असते.

वेळ लागतो हीच खरी भानगड आहे. मला प्रश्न विचारला की तो आत जातो, बसतो, पाणी पितो आणि मग उत्तर घेऊन सावकाश बाहेर येतो. इतका वेळ कुणाला असतो? लोक आईकडे वळतात. मी समोर बसलेली असताना, “ही चहा घेते का हो?” चपलांच्या दुकानात, चप्पल माझ्या पायात असताना, “हिला कुठे टोचतंय का?” पाय माझा, टोचणार मला आणि सांगणार आई! संताप येतो अगदी. पण तो दाखवायलाही वेळ लागतो, आणि मग घरी येऊन मी भांडी जोरात घासते.

यंदा शिमग्याच्या आधी पुण्याहून एक दिग्दर्शिका कॅमेरामनला घेऊन आली. ऑटिझमवर माहितीपट करत होती. वयाने माझ्याहून लहान, स्वभावाने गोड, पण डोक्यात चित्र आधीच तयार. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “तुमच्यात विशेष काय आहे? तारखा लक्षात राहतात? गणितं? रेल्वेचं वेळापत्रक?”

मला स्वतःचा मोबाईल नंबर लक्षात राहत नाही. जयगडच्या बंदरातल्या एका कंपनीचं टायपिंग मी घरून करते, आणि कुळथाचं पिठलं बरं करते. तसं सांगितलं तर तिचा चेहरा पडला. पिठलं दोनदा मागून घेतलं, पण शूटिंग काही केलं नाही.

मग तिने आईला गाठलं. “पहिल्यांदा कळलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” असं हळू आवाजात विचारून कॅमेरा आईच्या डोळ्यांजवळ नेला. आई ठणठणीत आवाजात म्हणाली, “वाटलं, चला, नाव तरी कळलं! तोवर सगळे म्हणायचे, पोर हट्टी आहे. हट्टी आहेच गो ती, पण ते तिच्या वडलांकडून.” कॅमेरा बराच वेळ आईच्या डोळ्यांवर थांबला. डोळे कोरडेच राहिले.

संध्याकाळी मला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. सूर्य बुडताना मी वाळूतून एकटीने अनवाणी चालत जायचं, असं तिचं म्हणणं. वाळू पायाला लागली की मला दुसरं काही सुचत नाही, दात शिरशिरतात. मी तसं सांगायला लागले, पण माझं वाक्य बाहेर येईपर्यंत चपला माझ्या पायांतून निघालेल्या होत्या. मी चालले. तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं असणार. कॅमेरामन म्हणाला, “काय एकटेपणा आलाय चेहऱ्यावर!” एकटेपणा कसला, डोंबल. शेजारून माणसं भेळ खात जात होती आणि मला भेळ हवी होती.

पालखीच्या दिवशी तिची अपेक्षा होती की ढोल वाजले की मी कान झाकीन. आमच्या मिक्सरला मी कान झाकते हे तिने पाहिलं होतं. पण ढोलाचा पुढचा ठोका कधी पडणार ते मला आधी कळतं, मिक्सरचं काही सांगता येत नाही. मी पालखीपुढे मजेत डुलत होते आणि ती मागून विचारत होती, “ताई, त्रास होतोय ना? थोडा तरी?”

पालखी अंगणात बसली. काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. आंबा झाला, चाकरमानी झाले, माझी ओळ आली आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावरून एक बुलेट धडधडत गेली. गाऱ्हाणं संपताच दिग्दर्शिका पुढे झाली. “काका, ती मुलीची ओळ परत म्हणाल? गाडीचा आवाज आला.”

काका तिच्याकडे वळले. “तेच मागणं परत? देवाला काय ऐकू येत नाय काय? अवो, येकदा घातलेलं गाऱ्हाणं पुन्हा घालीत नायत.”

“मग थोडं वेगळं म्हणा. पण मुलीबद्दलच.”

आता काकांची पंचाईत झाली. माझ्यासाठी त्यांच्यापाशी एकच मागणं होतं आणि ते वापरून झालेलं. ते सवयीने आईकडे वळले. “वयनी, हिच्यासाटी दुसरं काय मागू?”

“मला काय विचारता?” आई म्हणाली. “ती बसलीय समोर. त्या ओळीला ती कधी व्हय म्हणते का, बघितलंत कधी?”

म्हणजे आईला माहीत होतं! काका माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. “बाय माजे, तुला काय व्हया?”

प्रश्न आत गेला. बसला. ढोलवाल्यांनी ढोल उतरवले. पुढच्या घरची माणसं आपल्या दारातून डोकावायला लागली. दिग्दर्शिकेने आईकडे बघून तोंड उघडलं, तर काकांनी मागे न बघता हात वर करून तिला गप्प केलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. अख्खी वाडी देवासकट माझ्यासाठी थांबलेली! मला रडू फुटलं. त्या बाईला इतके दिवस हवं होतं तेच रडू, आणि कॅमेरा नेमका माझ्याकडे नव्हता.

“माझं मला विचारा,” मी म्हणाले. “आणि थांबा.”

काका उठले. “बा देवा म्हाराजा! ह्या लेकीला काय व्हया, काय नको, ते हिलाच इचारायची बुद्दी आमाला दे, आनि ती बोलंस्तवर थांबायचा धीर दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. दोन घरं पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

तेव्हापासून वाडीत मला इतकं विचारतात की नको होतं. मासेवाली टोपली उतरवून ऐसपैस बसते. “बांगडा की सौंदाळा? सांग सावकाश, माजी बस जायची नाय.” आई मिक्सर लावायच्या आधी विचारते आणि मी नाही म्हटलं की वैतागून पाट्यावर वाटते.

परवा दिग्दर्शिकेने फिल्म बघायला पाठवली. समुद्र होता, माझं कडू तोंड होतं, मागे रडकी बासरी होती. मग अंगण आलं. त्या वेळी कॅमेरामन ढोलवाल्यांचं शूटिंग करत होता, त्यामुळे मी त्यात कुठेच नाही. नुसती थांबलेली माणसं. ढोलावर हात ठेवून, कडेवर पोर घेऊन, एकाच दिशेला बघत, गप्प.

संध्याकाळी आईच्या फोनवर तिचा फोन आला. आईने काही न ऐकता तो माझ्या हातात दिला.

“ताई, तो अंगणातला शॉट,” ती म्हणाली. “सगळे म्हणतात फार लांबलाय, काही घडतच नाही त्यात. कापू का?”

मी विचार करायला लागले. फोनमधून काहीच आवाज येईना. कट झाला असं वाटून मी फोन कानापासून दूर केला, तेवढ्यात तिचा आवाज आला, “आहे मी. थांबलेय.”

“बासरी कापा,” मी म्हणाले. “तो राहू दे.”