काकूंच्या गोधड्या

डांबरगोळ्यांचा वास आला की अंबरनाथची माझी भाड्याची खोली आठवते. आठवीत शाळा सोडून गावाहून आलेल्या मला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम मिळणार होतं. फक्त संध्याकाळपर्यंत आवाजाचा नमुना पाठवायचा होता. खोलीत आवाज घुमायचा, म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, तरी घुमतच होता. तेवढ्यात माळकरी घरमालकीणकाकू आल्या. “अंडी? माझ्या घरात?” “काकू, रिकामे आहेत ओ!” “काढ आधी!” मी रडवेला होऊन सगळं सांगितलं, तशा त्यांनी पेटीतल्या, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या गोधड्या आणून दोरीवर टांगल्या. “बोल आता. घुमतंय का रे?” नव्हतं घुमत. मग माझं वाचन संपेपर्यंत त्यांनी कुकर लावला नाही. आज याच कामावर माझं पोट चालतं. त्या दिवशी काकूंना जेवायला चार वाजले होते.