आपल्या गावची वाघीण येत आहे

नूतन रामटेकेला एक खोड होती. वस्तू चालते एवढ्यावर तिचं समाधान होत नसे. ती कशी चालते हे तिला पाहायचं असे. चंद्रपूरला कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना तिनं ही खोड स्वतःवरच चालवली. जंगलाकडेला कॅमेरे लावून गावांना वाघाची सूचना देणाऱ्या एका संस्थेत जागा निघाली होती. ती मिळाली तर पुण्याला न जाता सिंदेवाहीकडच्या आपल्याच गावात राहता येणार होतं, आणि तिला तेच हवं होतं. अर्जात फेसबुक, इन्स्टाग्रामचे पत्ते मागितले होते. अनोळखी माणसानं आपल्याला शोधलं तर काय दिसेल? तिनं मैत्रिणीच्या मोबाइलवर स्वतःचं नाव टाकून पाहिलं.

नाचाचे रील दिसले. एका सरांची नक्कल दिसली. कामाचं काहीच नाही. नक्कल तिनं काढली. नाच राहू दिला, नाचणं काही गुन्हा नव्हे. मग गोठ्याजवळ हालचाल झाली की वाजणारा भोंगा तिनं स्वतः बनवला होता, त्याचा व्हिडिओ टाकला. आठवड्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं.

तिचा चुलतभाऊ विक्की फ्लेक्सच्या दुकानात बॅनर बनवायचा. तो ऐकून उसळलाच.

"अवं, असं गुपचूप राहून काम भेटते काय? हवा करा लागते!"

त्यानं उभा लांब बॅनर केला. वर 'नोकरीच्या मैदानात', मध्ये डरकाळी फोडणारी वाघीण आणि 'आपल्या गावची वाघीण येत आहे!', खाली नूतनचं नाव आणि फोटो. बॅनर गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला.

दुसरीकडे लोकांनी टाळ्या पाठवल्या असत्या. या गावात वाघीण म्हणजे वाघीण.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नूतन घरी आली, तर शेजारच्या लहानूभाऊंनी गुरं चरायला सोडलीच नव्हती. जंगलात मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बायाही घरीच.

"तू शिकून राह्यली ना बाई? मंग सांग, हे वाघीण कोन्या बाजूनं येऊन राह्यली?" लहानूभाऊंनी मोबाइल पुढे केला. त्यात नूतनचं नाव, फोटो काही नव्हतं; फक्त वाघीण होती, आणि तिच्याखाली विक्कीचेच शब्द.

नूतननं विक्कीला फोन लावला.

"डिलीट मारतो ना! कोणाले का समजते?"

"तुह्या मोबाइलातून जाईन. लहानूभाऊच्या मोबाइलातून कशी जाईन?"

"पण सांगशीन तं नोकरी जाईन वं तुही. वाघाच्या अफवा थांबवाले तं ठेवून राह्यले तुले!"

ते खरं होतं. पण आज ही बातमी खोटी निघाली आणि कोणी कबूल झालं नाही, तर उद्याच्या खऱ्या सूचनेवर कोण विश्वास ठेवील? ती लहानूभाऊंकडे वळली.

"भाऊ, हे वाघीण मीच आहो."

लहानूभाऊंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "तू? अन् तुह्या भेवानं माह्या गाई उपाशी?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नूतननं पूर्ण बॅनर आपल्या नावानं ग्रुपवर आणि फेसबुकवर पुन्हा टाकला आणि लिहिलं: 'ही खरी वाघीण नाही, माझी जाहिरात आहे. चूक आमची.' पण तिची खोड गप्प बसेना. फोटो कापला कोणी? ज्याला त्याला विचारत ती घरोघर फिरली.

मुलाखतीत संस्थेच्या उर्वशी मॅडमच्या लॅपटॉपवर तीच पोस्ट उघडी होती.

"ही वाघीण तुम्हीच?"

"हो."

"पोस्ट काढून का नाही टाकली?"

"काढली असती, तरी फोटो फिरतच राहिला असता."

"कापला कोणी, कळलं?"

"कोणीच नाही, मॅडम." आता नूतनची भीती मागे पडली. "उभा लांब फोटो ग्रुपवर टाकला की उघडायच्या आधी त्याचा मधलाच भाग दिसतो. एकानं न उघडताच तेवढ्याचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला."

मॅडमनी संस्थेची कालचीच सूचना उघडली. उभा लांब फोटो. मध्ये वाघ. गावाचं नाव आणि तारीख अगदी तळाशी.

"खुर्ची इकडे ओढा," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही कसं मांडाल, दाखवा. रुजू व्हायचं मग बोलू."

नूतननं खुर्ची ओढली आणि गावाचं नाव उचलून वाघाच्या अंगावरच ठेवलं.