शनिवारचं तेल

माझ्या धाकट्या साडूने माझा शनिवार घेतला, असं मी कितीतरी वर्षं म्हणत आलो. मनातल्या मनात अर्थात. उघड म्हणायची सोय नव्हती, कारण त्याने जे केलं त्याला अख्खं घर उपकार म्हणत होतं.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील. मी कुंभकोणात शाळामास्तर होतो आणि सासुरवाडी दोन गल्ल्या सोडून. सासरे कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे युद्धाआधीची एक काळी मोटार होती. दर शुक्रवारी तिच्यातून ते पट्टीश्वरमला दुर्गेच्या दर्शनाला जात आणि गाडी मी चालवत असे. त्यांचा उजवा खुबा धरलेला होता. रस्त्यात खाच आली की मागच्या सीटवरून "स्स" असा आवाज यायचा. ओरडण्यातले ते नव्हते, तेवढंच करायचे.

तर शनिवार. आमच्याकडे पुरुषांचं अभ्यंग शनिवारी, हे तमिळ शेजाऱ्यांकडून आमच्या मराठी घरांत कधी आलं कुणास ठाऊक. सासऱ्यांचा नेम असा की आधी गाडीचं अभ्यंग, मग जावयाचं. मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांना खिळ्यांभोवती काशाचे बुश, म्हणजे आखूड नळ्या, होते. झिजले की चाक डगडगायला लागतं, म्हणून ते मीच भांडी ओतणाऱ्यांच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडून कातून आणले होते. त्यांना आठवड्याला ग्रीस लागे. सकाळी मी गाडीखाली आडवा होऊन ग्रीसगन मारायचो, पाट्यांवर इंजिनाचं जुनं तेल फिरवायचो. सासरे झोपाळ्यावर बसून, "डावीकडचें झालें? सावकाश करा," असं म्हणायचे. मग मला तीळतेल चोपडून कढत पाण्याने न्हाऊ घातलं जाई आणि सासूबाई मिरीचं रसम वाढत. शाळेत मला कुणी विचारत नव्हतं. घरी बायको तर मुळीच विचारत नव्हती. शनिवारी त्या घरात माझ्यावाचून अडत होतं, आणि हीच माझी सगळी इस्टेट.

धाकटा साडू मद्रासला एका मोटार कंपनीच्या वर्कशॉपात होता. दिसायला बरा, बोलायला गोड, आणि खरोखर हुशार. यातली एकच गोष्ट असती तर मी सोसली असती. त्या वर्षी तो नवरात्रात आला तो एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन. आत बारा रबरी बुश.

"अप्पा, हें बसवलें कीं खुब्याला धक्का लागायचा नाहीं," तो सासऱ्यांना म्हणाला. "काशाचे बुश हादरा पोचवतात. रबर गिळतें."

माझ्या देखत म्हणाला. काशाचे बुश कुणी कातून आणले हे त्याला ठाऊक नसावं, पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

नवमीला आयुधपूजा झाली. पाने, हातोडे, जॅक आणि माझी ग्रीसगन, सगळं पाटावर मांडून गंध-कुंकू लावलं. विजयादशमीला आरती करून एकेक हत्यार उचललं आणि कामाला लावलं. ग्रीसगन तेवढी कुणी उचलली नाही. ती कुंकू लावून पाटावरच बसून राहिली.

त्याने दुपारपर्यंत जुने बुश ठोकून काढले आणि नवे बसवले. मला वाटलं झालं. तर हा म्हणतो, नट अजून आवळायचे नाहीत. गाडी जॅकवर असताना आवळले तर ती खाली येताच रबर पिळलं जातं आणि फाटतं. गाडी जमिनीवर, माणसं आत, असेच आवळायला हवेत. म्हणून गाडी खाली उतरवली आणि अंगणात उभ्या गाडीत आम्हाला बसवलं. मागे सासरे, सासूबाई आणि माझी बायको, पुढे मेहुणी. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा, तुम्हीही बसा. वजन पाहिजे."

पाच वर्षं मी ज्या गाडीखाली झोपलो तिच्यात वजन म्हणून बसलो. तो खाली पाना फिरवत होता आणि सासरे हसत म्हणत होते, "असा प्रवास बरा! खाच नाहीं, धूळ नाहीं."

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "अण्णा, एकच सांगतों. याला तेल लावूं नका. ग्रीस नको, तेलही नको. रबराला तें वीख." हे त्याने मला एकट्यालाच सांगितलं, कारण गाडीचं मीच बघतो असं तो समजत होता.

पहिल्या शुक्रवारी पट्टीश्वरमच्या रस्त्यावर मी मुद्दाम एक खाच चुकवली नाही. कान मागे लावून होतो. "स्स" आला नाही. सासरे म्हणाले, "पोरानें कमाल केली." माणूस इतका सुखात होता आणि माझ्या पोटात दुखत होतं. मी अशा माणसांतला आहे, लपवून काय करू?

शनिवारी सवयीने गेलो. सासरे झोपाळ्यावरून म्हणाले, "मापिळ्ळै, आज गाडीस काम नाहीं म्हणे. उगीच कशास आलां?" जावयाला ते तमिळच हाक मारत. मनात काही नव्हतं त्यांच्या. मी परत फिरलो. पुढचे तीन शनिवार घरीच अंगाला तेल लावून घेतलं. बायको म्हणाली, "तोंड कां असें चिंच खाल्लेलें?" मी म्हटलं, रसम नीट होत नाही.

चौथ्या शनिवारी बोलावणं आलं. गाडी पुढून करकरत होती. नवं रबर कोरडं असलं की करकरतं, त्यात काही बिघाड नसतो. सासरे म्हणाले, "रबर असो नाहींतर सोनें असो, तेलावांचून कोण बोलणें बंद करतो? घाला थोडें."

रबराला तेल चालत नाही, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. पण ते म्हटलं की करकर त्याची, रबर त्याचं, आणि मी पुन्हा दोन गल्ल्या चालत घरी. मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि तेलाचा डबा घेतला. करकर थांबली. सासूबाईंनी पाणी तापवलं. त्या दिवशीच्या रसमची चव अजून जिभेवर आहे.

मग दर शनिवारी तेल. मी नेमाने घातलं, बाराच्या बारा बुशांना, जरा जास्तच. डिसेंबरात मार्गळी महिना लागता लागता रबर भिजलेल्या वड्यासारखं फुगलं आणि खिळ्याभोवती मऊ पडलं. गाडी डावीकडे ओढू लागली, पुढून ठोके येऊ लागले. एका शुक्रवारी खाचेत चाक गेलं आणि खालून लोखंडावर लोखंड आपटलं. मागून "स्स" नाही आला. सासरे ओरडले. मी त्यांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. पुढचे दोन शुक्रवार ते अंथरुणावर होते.

त्यांच्या उशाशी बसलो होतो तेव्हा म्हणाले, "मापिळ्ळै, तुमचें कांसेंच खरें. मद्रासचा माल नव्याचे नऊ दिवस." हे ऐकायला मी पाच वर्षं तळमळलो होतो. ऐकलं आणि पाणी आणतो म्हणून उठून गेलो.

पोंगलला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, साडू आला. आल्या आल्या गाडीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला काळं, चिकट लागलं होतं. त्याने बोट नाकाशी नेलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. झोपाळ्यावरून सासरे विचारत होते, "काय झालें रे त्याला?"

"माल खराब निघाला, अप्पा," तो म्हणाला. "मी पाहून घ्यायला हवा होता. चूक माझी."

मग माझ्याकडे फडकं मागितलं. मी दिलं. त्याने माझं तेल पुसलं आणि फडकं घडी करून परत दिलं.

काशाचे बुश परत बसले. माझे शनिवार परत आले. आणि शुक्रवारचा तो "स्स"ही परत आला.

महिन्याभराने माझ्या घरच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. आत तसाच डबा, तसेच बारा बुश, आणि चिठ्ठी: "अण्णा, तुम्हीच बसवा. तुम्हीच आणवलेत म्हणून अप्पांस सांगा. माझें नांव नको. फक्त तेल नको." त्याची नोकरी, त्याचं मद्रास, त्याचं रूप, सगळ्याचा मी हेवा केला होता. त्या चिठ्ठीचा केला तेवढा कशाचाच नाही. याच्याकडे एवढं असावं की श्रेयसुद्धा पार्सलने पाठवावं? मी डबा कपाटात ठेवला. बसवीन कधीतरी, म्हटलं.

सासरे आणखी चार वर्षं पट्टीश्वरमला गेले. दर खाचेला मी "स्स" ऐकला आणि दर शनिवारी त्यांच्या घरचं रसम प्यायलो.

अलीकडे कपाट आवरताना तो डबा हाती लागला. एक बुश उचलून दाबला तर त्याचा तुकडा पडला. तेलाचा थेंबही न लागता रबर वाळून कडक झालं होतं.