पाचवा व्हिपेट

आमच्या ओल्डहॅममध्ये 'टिन व्हिपेट्स'चं नाव काढलं की म्हातारेकोतारेसुद्धा मान ताठ करतात. रॉक बँड म्हणजे असा! पोस्टरवर चौघंच, वाजवणारे मात्र पाच. पाचवा माझा मावसभाऊ, रसेल ऑग्डेन. बावीस वर्षं त्यानं कीबोर्ड वाजवला, तोही काळ्या पडद्यामागे बसून. का? तर म्हणे, चौघं फोटोत शोभतात, पाचव्यानं चित्र बिघडतं! अरे, टक्कल असणं हा काय गुन्हा आहे? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. रसेल मात्र म्हणायचा, "जाऊ दे गं. आवाज पोचतो ना?"

आवाज पोचायचा, पण त्याच्या आईला, मॉरीनमावशीला, वाटायचं की हा तिथे खोकी उचलतो. "वाजवतो म्हणे! मग दिसत कसा नाही?" असं ती चारचौघांत विचारायची. तेव्हा रसेलचा चेहरा बघवत नसे.

म्हणून बँडच्या शेवटच्या कार्यक्रमाचं त्याला फार अप्रूप. कार्यक्रम होता गावातच. गायक डॉमिनिकनं शब्द दिला होता, "या वेळी तुला पुढे बोलावतो. आईला आण." रसेलनं नवा शर्ट घेतला. मावशीला मी पहिल्या रांगेत बसवलं.

डॉमिनिकची अक्कल ती केवढी! त्यानं रसेलला पुकारलं ते ऐन गाण्याच्या मध्यावर. रसेल वाजवायचं सोडून बाहेर आला, लाजत हात हलवला, आणि गाणं मटकन खाली बसलं. उरला नुसता ड्रम आणि एक किरकिरी गिटार. मागून कुणीतरी ओरडलं, "काय रे, डबे बडवताय का?" डॉमिनिकनं घाबरून हातानंच खुणावलं: जा, जा! रसेल पळत पडद्यामागे गेला. क्षणात गाणं असं उसळलं की अख्खं सभागृह उभं राहिलं.

मला रडूच फुटलं. म्हटलं, चला, मावशीला आता तरी कळलं असेल.

कार्यक्रम संपल्यावर रसेल धावतच आमच्याकडे आला. "आई, बघितलंस?"

मावशीनं त्याचा गाल कुरवाळला. "बघितलं रे राजा. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू आलास नि त्यांचं सगळं बिघडलं. गेलास तेव्हा कुठे जमलं बिचाऱ्यांना. ज्याचं काम त्यानं करावं."

मी तोंड उघडणार, तोच रसेलनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मग मावशीच्या कोटाची बटणं लावत तो म्हणाला, "हो, आई."