तेवढाच सुटतो

"माझी गादी काय ओट्याखाली घालणार आहे का ही?"

दाराआड सासूबाई पुटपुटतात. भिंतीशी, पण मला ऐकू येईल इतपत. दुपारचं जेवून मी कॉम्प्युटरसमोर बसलेय, डोळे मिटत चाललेत. नव्या फ्लॅटचा इलेक्ट्रिशियन नकाशासाठी खोळंबलाय. कोण कुठे झोपणार ते कळल्याशिवाय बटणं कुठे बसवू, म्हणतो.

जुन्या घराच्या नकाशावर चौकट ओढून मी सगळं सामान निवडते, नव्या घरात हलवायला. दरवेळी ह्यांचा पलंगही त्यात येतो. आजारपणात आणलेला, डोक्याकडून वर होणारा, अवाढव्य. तो नेला तर सासूबाईंना जागा नाही. घरात सगळे 'उल्हासचा पलंग' एवढंच म्हणतात आणि विषय बदलतात. मी एस्केप दाबते. निवडलेलं सगळंच सुटतं. पुन्हा पहिल्यापासून.

"परत एस्केप?"

हे माझ्या खुर्चीमागे उभे आहेत. पूर्वी ह्यांच्या खुर्चीमागे चहा घेऊन मी उभी राहायचे. बघत बघत तेवढ्यातच हे नकाशाचं काम शिकले. अंगात चौकड्यांचा शर्ट.

"हा तर मी बोहारणीला दिला होता!"

"परत आणला. तुझं पातेलं गेलं त्यात."

भिंती बारीक होत होत रेषा होतात. आम्ही नकाशातून चालतोय. दवाखान्याचा लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला आमचंच स्वयंपाकघर. कपाट, टेबल, लेकीची सायकल, सगळ्यांच्या रेषा तुटक, निवडल्यावर होतात तशा. पलंगाच्याही. ह्यांच्याही कडा तुटक.

"एक पलंग चुकून आला, तर सगळं कशाला सोडतेस? शिफ्ट दाबून धर, पलंगावर क्लिक कर. तेवढाच सुटतो. बाकीचं हातात राहतं."

"माहितेय मला."

"मग?"

"सुटला तर इथेच राहील."

"हो."

"रिकाम्या घरात. अंधारात."

"मला कुठे बटण लागतंय आता?"

ते माझ्या शिफ्टवरच्या करंगळीवर बोट ठेवतात. वजन आहे, ऊब नाही. मी क्लिक करते. पलंगाच्या रेषा जुळतात आणि ह्यांच्याही. किती दिवसांनी पूर्ण दिसतायत. घर मात्र माझ्यासकट सरकू लागतं.

"अहो, शर्टाचं बटण..."

जाग येते. करंगळी शिफ्टवरच. उचलते, तर बोटावर कीच्या कडेचा लाल वळ. पडद्यावर सगळं सामान तुटक, पलंग तेवढा अखंड. मी सामान उचलून नव्या घरात ठेवते.

कप ठेवायला आलेल्या सासूबाई वाकून बघतात. पडद्यावरच्या एकट्या पलंगाला बोट लावतात.

"हा राहिला."

"आई, तो मी..."

"राहू दे." त्यांचा हात माझ्या खांद्यावर येतो. "उल्हास गेला गं, हेमा."