विहिरीजवळचं पन्नीचं घर

देवीलालले मी तोंडावर कधी काही बोलली नाही. तो माझा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्या तांड्यात भासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायचा अन् तोंड शिवून घ्यायचं. मग जे बोलायचं ते मी बकरीले बोले. "खाय व रांडे, दुसऱ्याच्या मेहनतीचं खाय!" असं ओरडली का बकरी कान हलवे अन् तिकडं बाजेवर देवीलाल चरफडे. लेकी बोले सुने लागे!

राग कायचा म्हणता? हंसाबाईचा जमिनीचा तुकडा खाल्ला त्यानं. हंसाबाई त्याची बायको, माझी जाऊ. हा लष्करात, लेहच्याही वर, बर्फात. अन् इकडं कापसानं सगळ्या मुलुखाचं वाटोळं करून टाकलं होतं. बियाणं खोटं निघे, नाही निघालं तर अळी पडे, अन् पिकलाच कापूस तर बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. त्या सालांमधी हिचं घर तगलं ते विहिरीजवळच्या एका तुकड्यावर. वांगी, मिरच्या, अंबाडी अन् सांबार, तुमच्याकडं कोथिंबीर म्हणतात ते. पहाटे तोडे अन् टोपली डोक्यावर घेऊन आर्णीच्या बाजारात जाऊन बसे. पोरं त्याच्यावरच वाढवली तिनं. कोणापुढं हात पसरला नाही.

मग हा पेन्शनीत आला. आल्या आल्या सगळ्याईले अक्कल शिकवाले लागला. कापूस करणारे गाढव, अन् बायकोची भाजी म्हणजे कचरा! तिकडं म्हणे छावणीमागं याच्या हाताखाली भाजीचं घर होतं. कमरेएवढा खड्डा, वरून पन्नी, म्हणजे प्लास्टिक, ताणलेली, अन् दार सदा बंद. बाहेर पाणी गोठून दगड अन् आत पालक हिरवागार. मोठा साहेब पाठ थोपटून गेलता. गडी जन्मभर तेवढ्याच एका थापेवर जगून राह्यला होता.

तसंच घर हिच्या तुकड्यात करायचं म्हणून त्यानं फुलावर आलेली वांगी उपटली. हंसाबाई मधात जाऊन उभी राह्यली.

"दुसरीकडं खोदा. हा तुकडा माझा आहे."

"माझ्या बापाची जमीन. तुझी कवापासून झाली व?" म्हणला अन् तिच्या पायाजवळच कुदळ मारली.

हिवाळ्यात पन्नीखाली चांगलं पिकलं, खोटं कायले बोलू? कोबी आली, मुळे आले. देवीलाल मिशा पिळत फिरे. पण शिमगा झाला अन् ऊन तापलं. यवतमाळचं ऊन ते, त्याले लेह काय माहीत! एका दुपारी पानं मलूल दिसली म्हणून हंसाबाईनं दार सोडलं, जरा वारा लागू द्यावा म्हणून. देवीलालनं पाहिलं. सगळ्या तांड्यासमोर ओरडला, "दार उघडं ठेवलं का भाजी मरते! पुन्हा हात लावशील तर हात तोडीन." बर्फातला कायदा याच्या डोक्यात असा घट्ट बसला होता, का अंगातून घाम गळत असतानाही गडी दार लावूनच घेई.

हंसाबाई एवढंच म्हणली, "बरं."

काही दिवसांनी तो शेतीखात्याच्या साहेबाले आणाले आर्णीले गेला. साहेबाले पसंत पडलं तर विहिरीजवळचं उरलेलं वावरही पन्नीखाली घालणार होता. जाताना दार दोरीनं आवळून बांधलं. "साहेब येईपर्यंत आतली गरमी जाऊ देऊ नको," असं बजावून गेला.

दुपारी मी पाणी आणाले गेली तं पन्नीले आतून घाम फुटलेला. काकडीचे वेल माना टाकून बसलेले. हंसाबाई निंबाखाली बसून तुरीच्या शेंगा सोलून राह्यली होती. डोळे दारावर.

"सोड व बाई दोरी, सगळं मरून राह्यलं!"

"मले हात लावू नको म्हणलं."

"मग मी सोडते."

तिनं माझं मनगट धरलं. असं धरलं का बांगडी फुटली. "तू हात लावला तं आपलं बोलणं बंद," म्हणली. मी तिच्या बाजूले बसली. भरात आलेली भाजी डोळ्यासमोर मरत होती, जीव तुटत होता माझा. अन् खरं सांगू? बरंही वाटत होतं.

देवीलाल साहेबाले घेऊन आला. मोठ्या ऐटीत दोरी सोडली. आतून वाफ अशी आली का साहेब मागं सरला. मग त्यानं डोकावून पाहिलं अन् हसला, "अहो, भाजी तर शिजवूनच ठेवली! मीठ तेवढं घाला." अन् फटफटीले किक मारून गेला.

देवीलाल खड्ड्यात उतरला. एकेक वेल हातात घेऊन पाहे, वेल हातातच तुटे. बाहेर तोंड काढलं तेव्हा डोळे लाल झाले होते.

"हंसे, तुले दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग दार काहून नाही सोडलं?"

"दार तुमचं होतं. जमीन माझी आहे."

तिनं शेंगांचं सूप बाजूले ठेवलं, फावडं घेतलं, अन् काठावरची माती दारातून खड्ड्यात ढकलाले लागली. पहिलं फावडं त्याच्या पायावर पडलं. दुसरं गुडघ्यावर.

"अवं, मी आत आहो ना!"

"मग बाहेर या," हंसाबाई म्हणली, अन् तिसरं भरलं.